दिसला म्हणणाऱ्यांना थोडं विचारायचं आहे

उल्हासनगरचे कॅम्प, अंबरनाथच्या चाळी आणि बदलापुरातल्या नव्या इमारती. इथे रविवारी ज्या प्रार्थना सभा भरतात, त्यांत लोक सगळ्यांत कान देऊन ऐकतात ती साक्ष. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कीबोर्ड, हातोहात फिरणारा माइक. ताप उतरत नव्हता, मध्यरात्री प्रभू उशाशी येऊन उभा राहिला, पांढरा झगा, डोक्याभोवती प्रकाश. हालेलुया! पुढच्या रविवारी आणखी दोघांना तोच झगा दिसतो. साक्ष देणारे खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. बहुतेक जण अगदी मनापासून बोलतात. माझा वाद आहे तो त्यावरून काढल्या जाणाऱ्या अनुमानाशी. ज्याला प्रभू दिसला त्याचा विश्वास पक्का, आणि ज्याला दिसला नाही त्याच्या प्रार्थनेत कुठेतरी खोट आहे, असं आपण धरून चाललो आहोत.

आधी त्या दिसणाऱ्या चेहऱ्याकडेच पाहू. लांब तपकिरी केस, नेटकी दाढी, किंचित वर लागलेली नजर. येशू दिसायला कसा होता याबद्दल चारही शुभवर्तमानांत एक ओळ नाही. ना उंची, ना वर्ण. हा चेहरा शिकागोच्या वॉर्नर सॅलमन या चित्रकाराने १९४० साली रंगवला, त्याच्या कोट्यवधी प्रती निघाल्या आणि कॅलेंडरांतून तो जगभर घरोघरी पोचला. गालीलातल्या यहुद्याने उल्हासनगरला येताना शिकागोमार्गे का यावं? देव माणसाला ओळखू येईल अशाच रूपात येतो, हे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते मी धुडकावत नाही. मग एवढं तरी कबूल करा, की त्या रूपात आपल्या भिंतीचाही वाटा आहे.

कॅथलिक बांधवांनी इथे हसू नये. २०१२ साली विलेपार्ल्याच्या इर्ल्यात वेलंकणी मातेच्या चर्चजवळ क्रुसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं आणि भाविक ते भरून नेऊ लागले. बुद्धिप्रामाण्यवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी येऊन पाहिलं आणि तुंबलेल्या सांडपाण्याकडे बोट दाखवलं. पाणी केशाकर्षणाने वर चढत होतं. पुढे धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या त्या त्यांच्यावरच, आणि ते फिनलंडला निघून गेले. खुद्द चर्चची शिकवण याहून कितीतरी सावध आहे. अंबरनाथचं चर्च ज्या फातिमा मातेच्या नावाचं आहे, तिची १९१७ मधली दर्शनं चर्चने ग्राह्य मानली. पण ते खाजगी प्रकटीकरण आहे, त्यावर विश्वास ठेवायलाच हवा अशी सक्ती कुणा कॅथलिकावर नाही. सोळाव्या शतकातले संत जॉन ऑफ द क्रॉस तर असल्या दृष्टान्तांची इच्छाही धरू नका, म्हणून बजावतात.

यावर आमच्यातले काही जुने पाळक खुश होतील. दर्शन-बिर्शन हे हिंदूंचं, आपला धर्म ऐकण्याचा, असं ते सांगत आले आहेत. त्यांनाही सुटका नाही. ईयोब देवाला म्हणतो, की आजवर तुझ्याविषयी कानांनी ऐकलं होतं, आता डोळ्यांनी पाहतो आहे. म्हणजे ऐकण्यापाशी थांबू नये असं शास्त्रच सांगतं. मात्र ईयोब हे म्हणतो तेव्हा त्याची गेलेली गुरंढोरं परत आलेली नाहीत, मेलेली मुलं तर नाहीतच. आमच्या सभांमध्ये क्रम उलटा असतो: आधी व्हिसा, मग दर्शन.

राहिला तिसरा पक्ष, आणि तो सगळ्यांत सभ्य आहे. माणसात देव पाहा, झालं! महाराष्ट्रात याला कुणी विरोध करत नाही, म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते. भुकेल्याच्या ताटात वाढताना माझी नजर त्याच्या चेहऱ्यावर नसून त्याच्यामागच्या ख्रिस्तावर असेल, तर तो भुकेला माझ्या पुण्याची पायरी झाला. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला न्यायाचा प्रसंग या मंडळींचा आवडता. तो पुन्हा एकदा सावकाश वाचावा. ज्यांनी खाऊ घातलं ते विचारतात, प्रभो, आम्ही तुला भुकेला कधी पाहिलं? ज्यांनी घातलं नाही तेही अक्षरशः हेच विचारतात. दोन्हीकडे कुणालाच काही दिसलेलं नाही! एका बाजूने भुकेला माणूस पाहिला, एवढाच फरक. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापली गेली तेव्हा जगाला कळलं, की जवळजवळ पन्नास वर्षं या बाईंना आत देवाची चाहूलही लागत नव्हती. आमच्या एखाद्या सभेत त्या आल्या असत्या, तर त्यांना पुढे बोलावून डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली असती.

मग देव दिसणं म्हणजे काय? मोशेने तुझं तेज दाखव म्हणून हट्ट धरला. देवाने त्याला खडकाच्या कपारीत उभं केलं, जाताना त्याच्यावर हात झाकला आणि दाखवली ती फक्त पाठ. चौथ्या शतकातले निसाचे ग्रेगरी यावर जे लिहितात त्यापलीकडे मला अजून काही सापडलेलं नाही. पाठ दिसते ती मागून चालणाऱ्याला; समोरून तोंड पाहणारा उलट्या दिशेने निघालेला असतो. बदलापूर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळच्या गर्दीत वाट दाखवणाऱ्याच्या मागे चालताना आपल्याला त्याची पाठच दिसते, आणि तेवढी पुरते. यरीहोचा आंधळा बार्तीमय दृष्टी मागतो. ती मिळाल्यावर त्याने काय काय पाहिलं याचं वर्णन मार्क करत नाही. तो येशूच्या मागे वाटेने चालू लागला, एवढंच सांगतो. ती वाट यरुशलेमला, क्रुसाकडे जात होती.

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अंध स्त्रियांच्या घराला याच बार्तीमयाचं नाव दिलं, बार्तीमी सदन. त्याच मुक्तीत १९०५ मध्ये आत्मिक जागृतीची लाट आली. मुली रडत, थरथरत, अंगात आग पेटल्याचं सांगत. रमाबाईंनी ते दडपलं नाही की थट्टेवारी नेलं नाही. पण त्या जागृतीला शेत, छापखाना, दुष्काळातून आणलेल्या पोरींची उस्तवार हे सगळं जोडलेलं होतं, आणि स्वतः बाई हिब्रू-ग्रीकमधून बायबल मराठीत आणण्याचं काम १९२२ मध्ये जाईपर्यंत करत राहिल्या. त्यांना देव दिसला होता का, हा प्रश्न मी त्या लाटेवरून सोडवणार नाही; त्या अनुवादाच्या कागदांवरून सोडवेन.

साक्ष बंद करा, असं यातून कुणी काढेल. तसं नाही. मोशे डोंगरावरून उतरला तेव्हा त्याचा चेहरा तेजाने झळकत होता, पण ते त्याला माहीत नव्हतं, खालच्यांना दिसलं. तेव्हा साक्ष द्यायची ती त्या खालच्यांनी: शेजारच्या सिंधी काकूंनी, घरात राबणाऱ्या सुनेने, जीन्सच्या कारखान्यात आपल्या हाताखाली शिलाई करणाऱ्या पोराने. त्यासाठी माइक हॉलबाहेर न्यावा लागेल, आणि तिथे काय ऐकू येईल याची हमी कुठलाही पास्टर देणार नाही.