वरच्या थरावर जाऊ नका!

चिखल्यापासून घोलवड-बोर्डीपर्यंत कुठल्याही वाडीत जा आणि विचारा, चिकूच्या पेटीची पारख कशी करायची? उत्तर एकच मिळेल, हात तळाशी घालून! वर टपोरी फळं आणि खाली बारकी, असा माल एकदा खपतो. दुसऱ्यांदा व्यापारी त्या पेटीकडे ढुंकूनही बघत नाही.

मैत्रिणींनो, हीच कसोटी आता आपण फोटोग्राफरला लावू या. हल्ली आपल्या छोट्या गावांतल्या मुलीही कॅमेरा हातात घेऊ लागल्या आहेत. २०१३ साली विरारची लोकल डहाणूपर्यंत आली आणि मुंबईतलं लग्न, बारसं, दुकानाचं उद्घाटन अशी कामं करून परतणं थोडं सोपं झालं. शहरात कामाला तोटा नाही, पण स्पर्धाही तेवढीच. मग प्रत्येक जण मोबाइलवर आपले निवडक दहा फोटो झळकवतो. ते छान असतातच हो! पण तो झाला वरचा थर. गिऱ्हाइकाला मिळणाऱ्या पाचशे फोटोंतला चारशेवा फोटो कसा आहे? नवरीच्या मैत्रिणी सुंदर आल्या, पण कोपऱ्यात बसलेल्या आजीचा चेहरा अंधारातच राहिला का? माझ्या मते फोटोग्राफरचा दर्जा तिच्या सर्वांत चांगल्या फोटोवरून ठरवूच नये. तो ठरतो सर्वांत कंटाळवाण्या दिवशी काढलेल्या फोटोवरून.

याचं उदाहरण फार लांब शोधायला नको. डहाणूहून सुरतेकडे जाणारी गाडी ज्या नवसारीवरून जाते, तिथे १९१३ साली होमाई व्यारावाला जन्मल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या, मुंबईतच फोटो काढायला लागल्या. सुरुवातीचे त्यांचे फोटो छापून यायचे ते पतीच्या, माणेकशा यांच्या नावावर! बाईला कोण ओळखणार, असा तो काळ. नाव नवऱ्याचं आणि मेहनत बाईची, हे काही आपल्याला नवीन नाही म्हणा. पण नाव नाही म्हणून त्यांनी कामात कसूर केली नाही. १९४२ साली त्या दिल्लीला गेल्या आणि भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या. साडी नेसून, अवजड कॅमेरा घेऊन, सायकलवरून त्या दिल्लीभर हिंडत. फ्लॅशचा बल्ब एकदा पेटला की फेकून द्यायचा, असे ते दिवस. १६ ऑगस्ट १९४७ ला लाल किल्ल्यावर तिरंगा चढला, तो क्षण त्यांनी टिपला. तो काही 'पुन्हा एकदा करा' म्हणून सांगता येण्यासारखा नव्हता!

मला त्यांची आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. समोरच्या माणसाची शोभा होईल असा फोटो घ्यायचा नाही, हा त्यांच्या पिढीचा दंडक होता. नव्या फोटोग्राफरांमध्ये ती शिस्त उरली नाही असं वाटलं, तेव्हा १९७० मध्ये त्यांनी हे काम सोडलं आणि पुन्हा त्याकडे वळल्या नाहीत. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं, २०१२ च्या जानेवारीत त्या गेल्या. दर्जा म्हणजे नुसता उजेड आणि कोन नव्हे. काय टिपायचं नाही, हेही त्यात आलं. जेवताना तोंडात घास असलेली बाई, पदर सावरणारी वहिनी, रडवेली नवरी यांचे फोटो न विचारता जगजाहीर करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

आता थोडं आपल्याबद्दल. सातत्य हवं म्हणून त्या मुलीलाच उपदेश करून भागत नाही. 'घरचंच कार्य आहे, पैसे कसले घेतेस?' असं म्हणणारे आपणच ना? फुकटात आणि अर्ध्या दरात दहा कामं केली, तर रात्री जागून नीट फोटो निवडायला तिला वेळ कुठला? कॅमेऱ्याची दुरुस्ती, जादा बॅटरी, फोटो दोन ठिकाणी साठवून ठेवणं, या सगळ्याला पैसा लागतो. शिवाय मध्यरात्री काम संपवून आलेल्या सुनेनं पहाटे उठून डबेही करायचे, अशी अपेक्षा असेल तर दुसऱ्या दिवशी तिचा हात स्थिर राहील कसा? मुलगा रात्रपाळी करून आला की आपण दार लोटून घेतो, 'झोपू दे त्याला' म्हणतो. तेच तिच्यासाठी का नाही?

कॅमेरा घेतलेल्या मुलींना माझं एवढंच सांगणं, महिन्यात दोन कामं कमी घ्या, पण साध्या बारशालाही बड्या लग्नाइतकीच तयारी करून जा. दर आधीच ठरवा, कबूल केलेल्या तारखेला फोटो द्या. आणि घरच्यांनो, कार्य घरचं असलं तरी तिच्या हातात पाकीट ठेवा. आपल्याच घरातून तिच्या कामाला किंमत मिळाली, तर बाहेर ती मागताना तिची जीभ अडखळणार नाही.