पदक आलं ते स्कोपशिवाय!

१ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं पदक आणलं होतं, त्यानंतर महाराष्ट्राला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. स्वप्नीलचं गाव कांबळवाडी, तालुका राधानगरी. म्हणजे आपल्या सिंधुदुर्गातून फोंडा घाट चढून गेलात की पलीकडचाच मुलूख.

आता खरं सांगा, त्या दिवसानंतर तुमच्यापैकी किती जणांनी मोबाइलवर ‘एअर रायफल’ शोधली? आणि शोधल्यावर समोर काय आलं? बंदूक, छऱ्यांचा डबा आणि सोबत एक काळी नळी. ‘विथ स्कोप’. मग रेडी-शिरोड्याच्या नाक्यावरची गजाल एकाच प्रश्नावर येते : कुठला स्कोप घेऊ?

त्या प्रश्नाचं उत्तर पुढं देतोच. पण त्याआधी एक गोष्ट माहीत हवी. स्वप्नीलच्या रायफलीवर स्कोप नव्हता. ऑलिम्पिकच्या १० आणि ५० मीटर रायफल प्रकारांत रायफलीवर दुर्बीण लावायला परवानगीच नाही. बाजूला स्टँडवर दुर्बीण ठेवून लक्ष्य बघता येतं, पण नेम धरायचा तो साध्या डोळ्यानं. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली तीही अशीच. दुर्बीण चालायची असा एक प्रकार ऑलिम्पिकमध्ये होता, ‘रनिंग टार्गेट’ म्हणजे सरकत्या लक्ष्यावरची नेमबाजी. तो २००४ च्या अथेन्सनंतर बंद झाला.

मग हे लोक बघतात कशातून? डोळ्याजवळ एक चकती, तिला मधोमध बारीक भोक. नळीच्या टोकाला एक छोटी रिंग. भोकाच्या मध्यात रिंग आणि रिंगेच्या मध्यात लक्ष्याचा काळा गोल, अशी वर्तुळात वर्तुळं बसवायची. चष्मा हरवला की काही माणसं मूठ वळून तिच्या फटीतून बघतात आणि त्यांना जरा स्पष्ट दिसतं. तसंच हे, बारीक भोकामुळं जवळचं-लांबचं दोन्ही बऱ्यापैकी नीट दिसतं. यालाच आपल्याकडं ‘पीप साइट’ म्हणतात. ५० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, रुपयाच्या नाण्याहून कितीतरी लहान. १० मीटर एअर रायफलमध्ये तर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पॅरिसच्या फायनलमध्ये स्वप्नीलनं ४४ गोळ्यांत ४५१.४ गुण केले. म्हणजे गोळीमागं सव्वादहा, तेही भिंगाशिवाय.

स्कोप लक्ष्य मोठं दाखवतो तसा तुमच्या हाताचा कंपही मोठा दाखवतो. नऊपट मोठं चित्र नऊपट जोरात हलतं. नवा मुलगा ते बघून घाबरतो, क्रॉसहेअर मध्यावरून जाताना ‘आत्ता!’ म्हणून घोडा ओढतो आणि गोळी भलतीकडं. ट्रिगर हळू दाबणं, श्वास आणि उभं राहण्याची ढब या तीन गोष्टी स्कोप शिकवत नाही. म्हणून स्पर्धेत उतरायचं असेल तर स्कोपवर एक रुपयाही घालू नका. शालेय आणि राज्य पातळीवर ‘ओपन साइट’ आणि ‘पीप साइट’ असे गट असतात. सुरुवात ओपन साइटनं करा, पुढं पीप. स्पर्धेची आयात रायफल लाखांच्या घरात जाते, तेव्हा पहिली काही वर्षं क्लबच्या रायफलीवर काढणं यात कमीपणा काहीच नाही.

पण सगळ्यांनाच ऑलिम्पिकला जायचं नसतं, हेही मान्य. घरच्या परड्यात सुरक्षित भिंत आहे, छंद म्हणून कागदी लक्ष्यावर नेम साधायचाय, तर स्कोप जरूर घ्या. फक्त पाकिटावरच्या आकड्यांना भुलू नका. ‘३-९ x ४०’ म्हणजे चित्र तीन ते नऊपट मोठं होतं आणि पुढची काच ४० मिलिमीटरची आहे, एवढंच. तुम्हाला हवा असलेला आकडा बहुतेक वेळा पाकिटावर नसतोच : हा स्कोप जवळात जवळ किती अंतरावर फोकस होतो? रायफलीचे बरेच स्कोप १०० यार्डांसाठी जुळवलेले असतात. दहा मीटरवर त्यातून धुरकट दिसतं, आणि डोळा जरा हलला की क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकल्यासारखा वाटतो. त्याला पॅरॅलॅक्स म्हणतात. पुढच्या काचेवर किंवा बाजूला फोकसची रिंग असलेला, दहा यार्डांपर्यंत खाली येणारा स्कोप मागा. दुकानदाराला ‘पॅरॅलॅक्स’ शब्द कळला नाही तर दुकान बदला!

दुसरी गोची स्प्रिंगची. नळी मोडून भरायच्या स्प्रिंगवाल्या एअर रायफलला दोन धक्के बसतात, आधी मागं आणि लगेच पुढं. साध्या रायफलीसाठी बनवलेला महागडा स्कोपही या उलट्या धक्क्यानं आतून खिळखिळा होतो. ‘स्प्रिंग एअरगनसाठी’ असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या. आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या पीसीपी रायफलीत ही कटकट नाही.

आणि आता माउंट. माझं मत विचाराल तर काचेपेक्षा यावर जास्त लक्ष द्या, कारण ‘स्कोप खराब आहे’ या तक्रारींत दोष पुष्कळदा माउंटचा निघतो. एअर रायफलीवर साधारण ११ मिलिमीटरची डव्हटेल खाच असते, त्यावर पिकॅटिनीचा रुंद माउंट बसत नाही. स्कोपची नळी एक इंची आहे की ३० मिलिमीटर, त्याप्रमाणं रिंगा घ्यायच्या. स्प्रिंगवाल्या बंदुकीवर माउंट मागं घसरतो, म्हणून अडवणारी पिन असलेला माउंट घ्या. उंची कमीत कमी ठेवा. स्कोप उंच बसला की गाल दस्त्यावरून उचलावा लागतो आणि दरवेळी डोका वेगळ्या जागी येतं.

बसवताना स्कूटरच्या नटासारखे स्क्रू करकचून आवळू नका, नळी चेपते. आधी चारही सैल ठेवा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. चित्र पूर्ण गोल, कडेला काळी सावली नाही, अशी जागा मिळेपर्यंत स्कोप पुढं-मागं सरकवा. ती जागा डोळ्यापासून साधारण ८-९ सेंटीमीटरवर येते. आता गवंड्याकडून ओळंबा आणा. तो दहा मीटरवर टांगा, रायफल सरळ धरा आणि क्रॉसहेअरची उभी रेघ दोरीला समांतर करा. मग समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे करून घट्ट करा. एवढा वेळ कोण घालवतं? ज्याचे छर्रे नंतर एका जागी पडतात तो.

झिरो करताना बहुतेकांचा धीर सुटतो. स्कोपवर ‘१/४ एमओए’ लिहिलेलं असतं. १०० मीटरवर एक क्लिक म्हणजे सुमारे ७ मिलिमीटर. तोच क्लिक दहा मीटरवर जेमतेम ०.७ मिलिमीटर! छर्रा एक सेंटीमीटर हलवायला चौदा क्लिक लागतात. चार क्लिक फिरवून ‘काहीच होत नाही’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब घालावा. एकेका छऱ्यावर स्कोप फिरवू नका. पाच मारा, त्यांचा मध्य काढा, मग फिरवा. शिवाय स्कोप नळीच्या चार-पाच सेंटीमीटर वर असतो, तेव्हा दहा मीटरला जुळलेला नेम पंचवीस मीटरला जुळत नाही. आणि रेडीसारख्या ठिकाणी खाऱ्या वाऱ्यानं स्क्रू गंजतात. रायफल पुसून ठेवा, डब्यात सिलिका जेल टाका.

कायद्याचंही बघा. ४.५ मिलिमीटर नळीची आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीची एअर रायफल परवान्याशिवाय मिळते. पण परवाना लागत नाही याचा अर्थ वाट्टेल तिथं मारा असा होत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार शिकार गुन्हा आहे, मग ती छऱ्यानं केली तरी. अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये एअरगन जमा करण्याची मोहीम निघाली, दीड हजारांहून जास्त बंदुका लोकांनी स्वतःहून दिल्या, कारण जंगलातले पक्षी संपत चालले होते. आपल्याकडं रानडुक्कर आणि माकडांनी बागायतदार खरोखर मेटाकुटीला आलाय. पण घरातली शेतीसंरक्षणाची परवान्याची बंदूक ही वडिलांच्या किंवा काकांच्या नावावरची आणि बहुधा काडतुसाची असते. तिच्यातून छऱ्यांचा फवारा उडतो, तिला स्कोप लावून काही साधत नाही. आणि ती तुमची नाही.

खरी अडचण स्कोपची नाहीच, जागेची आहे. स्वप्नील २००९ मध्ये, चौदाव्या वर्षाच्या आसपास, क्रीडा प्रबोधिनीसाठी घर सोडून गेला. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे यांना पुढं २०२४ चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. सुमा शिरूर यांची अकादमी पनवेलला आहे. रेडीतल्या मुलीनं रोज सराव करायचा तर कुठं? गावात रेल्वे नाही, कोल्हापूरला जायचं तर आंबोली चढायची. बरं, ५० मीटरची रेंज महाग असते हे खरं, पण एअर रायफलला लागतो दहा मीटरचा पल्ला, मागं भक्कम भिंत, उजेड आणि शिस्त पाळणारा एक प्रशिक्षक. कुठल्याही कॉलेजच्या हॉलमध्ये एवढी लांबी निघते. तुमच्या कॉलेजात एनसीसी असेल तर पॉइंट टू-टू रायफल हाताळलेले सर आणि कॅडेट आधीच आहेत, सुरक्षेचे नियम त्यांना पाठ आहेत.

तेव्हा स्कोपचे पैसे काढायच्या आधी चार जणांनी मिळून प्राचार्यांना भेटा. सोबत हॉलचं माप, एनसीसीच्या सरांचं मत आणि ओरोसच्या जिल्हा क्रीडा कार्यालयासाठी अर्जाचा मसुदा न्या. अर्जात दोन ओपन साइट रायफली, छरे अडवणारे पेटीसारखे ट्रॅप आणि महिन्यातून चार दिवस प्रशिक्षक मागा.