कपाटातले राजे

स्पेनच्या राजघराण्यावरील जुने ग्रंथ जमविणारांची एक निराळीच जात आहे. चामडी बांधणी, सोनेरी कडा, काचेचे कपाट आणि त्याला भक्कम कुलूप! "वाचलेत का हो हे?" असे विचारावे, तर गृहस्थ दुखावतात. पाने न कापलेली प्रत म्हणे अधिक मोलाची! सोनाराच्या तिजोरीला कोणी ग्रंथालय म्हणत नाही. मग या कपाटाला का म्हणावे?

त्या कपाटात प्रेस्कॉटचा फर्डिनंड-इझाबेलांवरील ग्रंथ हटकून असतो. प्रेस्कॉटची दृष्टी अधू. कागदपत्रे दुसऱ्याकडून वाचून घेऊन त्याने १८३७ साली तो ग्रंथ प्रसिद्ध केला. अधू डोळ्यांनी सिद्ध केलेला ग्रंथ धडधाकट डोळ्यांनी उघडूही नये, याहून क्रूर थट्टा कोणती?

संग्रह कसा करावा हे खुद्द स्पेनकडूनच शिकावे. कोलंबसाचा मुलगा एर्नांदो (१४८८-१५३९) याने सेव्हिल येथे सुमारे १५,००० पुस्तके जमविली. पुस्तक कोठे, कधी, केवढ्याला घेतले, हे तो त्यातच टिपून ठेवी. माणसे पदरी ठेवून सारांश लिहवून घेई. आज त्यांतली सुमारे ४,००० उरली आहेत. परंतु त्या सारांशांचे बाड कोपनहेगनच्या एका संग्रहात असल्याचे २०१९ साली जाहीर झाले. पुस्तके गेली, वाचन उरले!

"आम्ही निदान ग्रंथ वाचवतो तरी!" असे हे गृहस्थ म्हणतील. कबूल, वाळवीपेक्षा कपाट बरे. पण राजस्तुतीचे ग्रंथ नुसते मिरविले, की राजा देव होऊन बसतो. त्यांच्याशेजारी लास कासासचे १५५२ सालचे पुस्तक ठेवा. अमेरिकेतील मूळ रहिवाशांवरील अत्याचार त्याने युवराज फिलिपलाच सुनावले आहेत. मारियानाचा १५९९ सालचा राजधर्मावरील ग्रंथ ठेवा. त्यात जुलमी राजाचा वधही समर्थनीय ठरविला आहे. १६१० साली पॅरिसमध्ये तो जाळण्यात आला. जाळणारांना त्यात काय लिहिले आहे, हे ठाऊक तरी होते! कुलूप लावणाराला तेवढेही ठाऊक नसते.

आणि हे राजे आपल्याला अगदीच परके नव्हेत. १५८० ते १६४० पर्यंत पोर्तुगालचा मुकुटही त्यांच्याच मस्तकी होता. म्हणजे गोव्याचे धनीही तेच. त्या काचेआड आपल्याही घरची एखादी हकीकत कोंडलेली असेल.

तेव्हा वाचकहो, दिवाळीची झाडलोट करताना कपाट नुसते पुसू नका. किल्ली घरातल्या मुलांच्या हाती द्या. चार पाने मळतील, मळू देत!