सर, खिडकी कुठंय?

सुट्टीत एका कंपनीत ट्रेनिंगला गेले होते. रिसेप्शनला हिरवीगार झाडं. हात लावला, तर प्लास्टिक! आत दिवसभर ट्यूबलाइट. पाऊस पडून गेला, हे संध्याकाळी गेटवर कळायचं.

१९८४ साली रॉजर उलरिच यांनी दाखवलं, की ज्यांना खिडकीतून झाडं दिसायची ते पेशंट ऑपरेशननंतर विटांची भिंत बघणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. मग रोज नऊ तास खुर्चीत बसणाऱ्यानं काय पाप केलंय?

अ‍ॅमेझॉनने सिएटलला काचेच्या गोलांत ४०,००० रोपं लावली. आपल्याला एवढं नको. उघडणारी खिडकी, खरा उजेड, बाहेर एखादा कडुनिंब पुरे. पण ते नकाशातच हवं. नंतर कुंड्या ठेवून भागत नाही. आणि उद्या नकाशे आपणच काढणार ना?

तोवर कॅम्पस इंटरव्ह्यूत पॅकेजसोबत एवढं तरी विचारा.