चौपाटीवरची दंतकथा आणि टाउन हॉलमधली घंटा

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला ड्रोनच्या इतिहासावरचा लेख वाचला. ‘क्वीन बी’ या ब्रिटिश बिनवैमानिक विमानावरचा भाग उत्तम उतरला आहे. पण लेखकाने भारताच्या वाट्याला काय दिले? तर 1895 साली गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी उडवल्याचे सांगितले जाणारे विमान, आणि तिथून थेट उडी ‘लक्ष्य’ या भारतीय बिनवैमानिक विमानावर. 1895 च्याच सुमारास कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जे घडले, त्याचा अवाक्षरानेही उल्लेख नाही. कोलकात्यात राहणारा मराठी वाचक म्हणून याला माझी हरकत आहे.

प्रेसिडेन्सी कॉलेजातले प्राध्यापक जगदीशचंद्र बसू यांनी तिथे भर सभेत विद्युतलहरी सोडल्या. भिंती आणि अध्यक्षस्थानी बसलेल्या लेफ्टनंट गव्हर्नरांचे शरीर ओलांडून त्या सुमारे 75 फुटांवरच्या खोलीत पोचल्या. तिथे घंटा वाजली, बारूद पेटली. मध्ये तार नव्हती. निकोला टेस्लाने न्यूयॉर्कमध्ये बिनतारी हुकमाने चालणारी होडी दाखवली ती 1898 साली, म्हणजे यानंतर.

यात विमान कुठे आले, असे कोणी विचारील. ‘क्वीन बी’ म्हणजे तरी काय होते? तोफखान्याच्या सरावासाठी 1935 साली ब्रिटिशांनी आणलेले लाकडी सांगाड्याचे द्विपंखी विमान. उडायचे कसे हे तेव्हा जगाला ठाऊक होतेच. नवी गोष्ट एवढीच, की जमिनीवरचा माणूस टेलिफोनसारखी तबकडी फिरवी आणि त्या स्पंदनांबरहुकूम विमानातली यंत्रणा सुकाणू हलवी. त्याची गरजही खरी होती. 1933 मध्ये ‘फेअरी क्वीन’ या आधीच्या बिनवैमानिक विमानावर आरमाराने तब्बल दोन तास तोफा डागल्या, तरी ते पडले नाही! या सगळ्याचा प्राण ग्राहकयंत्रात आहे, अदृश्य लहर पकडून तिच्याकरवी प्रत्यक्ष काम करून घेणाऱ्या यंत्रात. टाउन हॉलमध्ये दिसले ते हेच.

याचा अर्थ बसू ‘ड्रोनचे जनक’ ठरतात असे मुळीच नाही. तसे संदेश मोबाइलवर फिरतात आणि त्यांनी बसूंचे नुकसानच होते. त्यांच्या यंत्राला एकच हुकूम कळे. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली हा फरक ओळखणारी यंत्रणा पुढे इतरांनी घडवली, आणि त्यांच्या मिलिमीटर लांबीच्या लहरी त्या काळी दूर जाण्याच्या कामाच्याही नव्हत्या. लष्करी निशाणाशी तर त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. पण जे केले त्याला पुरावा आहे: मे 1895 मध्ये एशियाटिक सोसायटीपुढे वाचलेला निबंध, 1904 मध्ये मिळालेले अमेरिकन पेटंट. (पेटंट घ्यायला स्वारी मुळात राजीच नव्हती, ही गोष्ट वेगळी.)

तळपद्यांच्या उड्डाणाला असा समकालीन भक्कम आधार कुठे आहे? ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चे नाव या कथेशी जोडतात, तो ग्रंथ विसाव्या शतकातला असून त्यातली विमाने उडू शकत नाहीत, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 सालीच दाखवून दिले. तरीही 2015 च्या मुंबईतल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला आणि त्याच वर्षी तळपद्यांवर हिंदी सिनेमाही आला. तळपदे मराठी म्हणून त्यांना सवलत आणि बसू बंगाली म्हणून ते गाळायचे, हा हिशेब मला तरी पटत नाही.

‘लक्ष्य’बद्दल एक दुरुस्ती. ते स्वतः निशाण बनून गोळे झेलते असा लेखाचा सूर आहे. बंगळूरला घडलेले हे विमान सहसा निशाण मागे ओढत नेते, मारा त्या निशाणावर होतो, आणि विमान पॅराशूटने उतरवून पुन्हा वापरता येते.

पुढच्या अंकात बसूंच्या प्रयोगाची नोंद घ्यावी आणि चौपाटीच्या प्रसंगापुढे ‘दंतकथा’ असे स्पष्ट छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कोलकाता