तिघे, तिघी आणि अरामी आकडे

गेल्या महिन्यात आमची नात दोन मैत्रिणींना घेऊन शाळेतून घरी आली. "कोण कोण आलात गं?" असे विचारताच उत्तर आले, "आम्ही तीन जण." सुरतेत दिवसभर 'त्रण' ऐकणाऱ्या मुलीचा त्यात दोष तो काय? गुजराथीत त्रण छोकरा, तसेच त्रण छोकरी. आकड्याला स्वतःचे स्त्रीरूप नाही. मराठीत मात्र माणसे मोजताना दोघे-दोघी, तिघे-तिघी, चौघे-चौघी असा थाट आहे. तो चारापाशीच थांबतो. पुढे पाचजण-पाचजणी म्हणावे लागते.

आकड्याचे लिंग सांभाळण्याचा याहून मोठा व्याप बायबलातील अरामी भाषेत आहे. दानीएलाच्या ग्रंथाचा बराच भाग आणि एज्राच्या ग्रंथातील काही मजकूर हिब्रूत नसून या भाषेत आहे; इराणी सम्राटांच्या कचेऱ्यांचा पत्रव्यवहारही तीतच चाले. तिच्यातला 'एक' सरळ वागतो. मूर्ती तेथे पुल्लिंगी, म्हणून 'त्सलेम हद'. पत्र स्त्रीलिंगी, म्हणून 'इग्गेरा हदा'. तीनपासून दहापर्यंत मात्र सारे उफराटे! 'आ' हा शेवट एरवी स्त्रीलिंगाचा. परंतु राजाने अग्निकुंडात टाकलेले तीन पुरुष 'गुब्रीन तलाता' होतात, आणि स्वप्नातील अस्वलाच्या तोंडातल्या तीन बरगड्या, स्त्रीलिंगी असूनही, नुसत्या 'तलात'. व्याकरण वाचताना आम्ही दोनदा अडखळलो. त्या काळची पोरे मात्र ते घरात ऐकूनच शिकली असतील.

हे ग्रंथ पवित्र मानणारी मराठी घरेही आहेत, ती बेने इस्राएलांची. त्यांपैकी काही कुटुंबे गुजराथेत येऊन स्थायिक झाली. अहमदाबादेत 1934 साली उभारलेले 'मागेन अब्राहम' हे त्यांचे प्रार्थनामंदिर. वल्हांडणाच्या रात्री वाचल्या जाणाऱ्या हग्गादाचा मराठी अनुवाद 1846 मध्येच मुंबईत छापला गेला होता. त्या पोथीतील बेखमीर भाकरीचे आरंभीचे वचन अरामीच आहे. म्हणजे एकाच पाटावर तिन्ही भाषा!

नातीला आम्ही नियम सांगितला नाही. "तिघींनी हात धुऊन या, तिघींना लाडू आहेत," एवढेच म्हणालो आणि पुढचे काही दिवस हा शब्द मुद्दाम वापरत राहिलो. परवा दारातूनच तिची हाक आली, "आम्ही तिघी जण आलो!"

आम्ही टोकले नाही.