घरचे भांडण, दारचे पंच

तुर्कांच्या जुलमाविरुद्ध ग्रीक जनता १८२१ साली उठली आणि साऱ्या युरोपने तिचे पोवाडे गायिले. त्या पोवाड्यांत न आलेली गोष्ट आम्ही आज सांगणार आहोत.

शत्रू अजून उंबऱ्याच्या आतच होता, तोच १८२३ च्या अखेरीस ग्रीक ग्रीकाच्या उरावर बसला! एकीकडे डोंगरातले लढवय्ये सरदार, दुसरीकडे गावोगावचे वतनदार आणि बेटांवरचे जहाजमालक. भांडण कशाचे? देश सोडवायचा कसा याचे नव्हे. सुटलेला देश कोणाच्या मुठीत राहायचा याचे! वर्षभराने पुन्हा यादवी पेटली. जोड्या बदलल्या, भांडण तेच.

१८२४ साली लंडनच्या सावकारांनी आठ लाख पौंडांचे कर्ज दिले. शंभराच्या कागदामागे मोजले फक्त एकोणसाठ! त्यातूनही दलाली आणि व्याज आधीच कापून घेतले. उरलेला पैसा तुर्कांवर खर्च झाला म्हणता? छे! त्यातला मोठा वाटा भाड्याचे शिपाई आणून आपल्याच भावांना चेचण्यात गेला. स्वातंत्र्ययुद्धाचा म्होरक्या कोलोकोत्रोनिस आपल्याच लोकांच्या कैदेत पडला. १८२५ साली इजिप्तचा इब्राहिम पाशा फौज घेऊन उतरला, तेव्हा कुठे त्याच्या बेड्या निघाल्या!

१८२७ साली नॅव्हारिनोला इंग्रज, फ्रेंच आणि रशियन आरमारांनी तुर्क-इजिप्शियन आरमार बुडवले, म्हणून ग्रीस वाचला. उपकार खरेच. पण त्या उपकाराचे व्याज कोणी फेडायचे? देशातल्या पक्षांची नावे ऐका : इंग्रजी पक्ष, फ्रेंच पक्ष, रशियन पक्ष! मावरोकोर्दातोस लंडनकडे पाहणार, कोलेटिस पॅरिसकडे, कोलोकोत्रोनिस रशियाकडे. मग अथेन्सकडे पाहायचे कोणी?

दुसरे कर्ज वीस लाखांचे. त्यातून अमेरिकेत दोन मोठ्या लढाऊ जहाजांची मागणी गेली. पदरात पडले एकच. त्याचे नाव ‘हेलास’, म्हणजे ग्रीस. १८३१ च्या ऑगस्टात सरकार आणि बेटवाले यांचे फाटले, सरकारच्या बाजूने रशियन आरमार पुढे सरकले, आणि पोरोसच्या बंदरात ग्रीक दर्यासारंग मियाउलिसने ते जहाज स्वतःच्या हाताने उडवून दिले! दोनच महिन्यांत राष्ट्राध्यक्ष कापोदिस्त्रियास चर्चच्या दारात ठार झाला. मारेकरी परके नव्हते. त्याने कैदेत टाकलेल्या एका सरदाराचे भाऊ आणि मुलगा होते.

भाऊ भांडले, पंच घरात शिरले. १८३२ साली लंडनमध्ये ग्रीसचा राजा ठरला : बव्हेरियाचा सोळा वर्षांचा राजपुत्र ओटो. त्या करारावर तिन्ही बड्या सत्तांच्या सह्या, बव्हेरियाची सही. ग्रीकाची मात्र एकही नाही! राजा अज्ञान, म्हणून कारभारी आले तेही बव्हेरियाचे. त्यांच्याच अमदानीत, १८३४ साली, कोलोकोत्रोनिसला राजद्रोहाबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती माफ झाली, पण काळजाला पडलेला घरा बुजला नाही.

म्हणून ग्रीक माणूस नादान होता काय? मुळीच नाही. ३ सप्टेंबर १८४३ रोजी इंग्रजी पक्षाचा लोंडोस आणि रशियन पक्षाचा मेटाक्सास एका कटात आले, अथेन्सचे सैन्य आणि जनता राजवाड्यासमोर उभी राहिली, आणि राजाने राज्यघटना कबूल केली. जे वीस वर्षे परक्यांच्या ओसरीवर मागून मिळाले नाही, ते एका रात्रीच्या एकीने मिळाले!

ती एकी टिकली असती तर! १८५४ साली इंग्रज-फ्रेंच फौजा पिरेयस बंदरात उतरल्या, त्या १८५७ पर्यंत हलल्या नाहीत.

आमचे म्हणणे एवढेच. परक्याची मदत घेणे पाप नव्हे. पण भावाला नमवण्यासाठी जो परक्याचा सोटा उसना आणतो, त्याने एक लक्षात ठेवावे : सोटा परत जातो, सोट्याचा धनी जात नाही!